जॉनथन थर्स्टन आणि रग्बी लीगमधलं करिअर: सारखे विचारले जाणारे प्रश्न

तेच तेच प्रश्न दर आठवड्याला येतात, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवतोय. आधी अगदी साधे प्रश्न, मग खेळाडूचं करिअर, आणि शेवटी ते किचकट वाले ज्यांच्यावरून ब्रिस्बेनच्या पबमध्ये अजून भांडणं होतात. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघा.

१. हा थर्स्टन नक्की कोण? तू सगळीकडे 'जेटी, जेटी' करत असतोस.

जॉनथन थर्स्टन, म्हणजेच जेटी. जन्म २५ एप्रिल १९८३, ब्रिस्बेन. २००२ ते २०१८ असे सतरा सिझन ऑस्ट्रेलियाच्या एनआरएलमध्ये, म्हणजे नॅशनल रग्बी लीगमध्ये खेळला, आधी सिडनीच्या कँटरबरी बुलडॉग्जकडून आणि २००५ पासून शेवटपर्यंत टाऊन्सव्हिलच्या नॉर्थ क्वीन्सलँड काऊबॉइजकडून. आईकडून गुंगरी या आदिवासी समाजाचा आणि वडील न्यूझीलंडचे. डोक्याला हेडगिअर, आणि हसणं असं किनरं की स्टुडिओत बसलेलं असतानाही डोळे मिटून ओळखता येतं. रग्बी लीगमध्ये खेळाडूचं करिअर कसं घडतं, कुठे अडतं, कशाने संपतं हे सांगायला मी दर वेळी त्याचंच उदाहरण घेतो कारण त्याच्या एकट्याच्या करिअरमध्ये जवळपास सगळं सापडतं.

२. रग्बी आणि रग्बी लीग एकच ना? आणि मुंबईत २०२५ला जी रग्बी प्रीमिअर लीग झाली ती हीच का?

नाही आणि नाही. हा गोंधळ इतका कॉमन आहे की मी आता चिडतही नाही. आपल्याकडे बॉम्बे जिमखान्यावर जे खेळतात, राहुल बोस भारताकडून जे खेळला, ते रग्बी युनियन, एका बाजूला पंधरा जण. अंधेरीला झालेली रग्बी प्रीमिअर लीग ही त्याच युनियनची सात-सात जणांची छोटी आवृत्ती, तिथे 'लीग' म्हणजे नुसती स्पर्धा, आयपीएलमधल्या एल सारखी. रग्बी लीग हा मात्र वेगळाच खेळ, तेरा जणांचा.

फाटाफूट झाली ती पैशावरून. उत्तर इंग्लंडमधले खाणकामगार, गिरणीकामगार शनिवारी खेळायला गेले की त्यांचा पगार कापला जायचा, क्लब म्हणाले तेवढी भरपाई तरी देऊ द्या, लंडनवाले साहेब म्हणाले अजिबात नाही, खेळ हौसेचा आहे. मग २९ ऑगस्ट १८९५ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेकडचे क्लब जमले आणि वेगळे झाले. पुढे नियमही बदलत गेले आणि दोन खेळ झाले. सिडनीत १९०८ला स्पर्धा सुरू झाली. म्हणजे गिरणगावातल्या माणसाला हा खेळ समजावायला तसा वेळ लागू नये.

३. नियम दोन मिनिटांत सांग, मॅच लावून बसलोय.

बॉल घेऊन पळायचं, पास फक्त मागे द्यायचा, पुढे किक चालते. पकडलं की एक टॅकल झाला, तो खेळाडू उठून पायाने बॉल मागे सरकवतो आणि पुन्हा सुरू. असे सहा टॅकल मिळतात, सहाव्यापर्यंत काही जमलं नाही तर बॉल समोरच्यांना, म्हणून बहुतेक टीम पाचव्यानंतर लांब किक मारून मोकळ्या होतात. समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवला की ट्राय, त्याला ४ पॉइंट, त्यानंतरच्या कन्व्हर्जन किकला २, पेनल्टी गोलला २, आणि खेळता खेळता बॉल टप्पा पाडून पोस्टमधून मारला तर फील्ड गोल, त्याचा १ (२०२१ पासून ४० मीटरच्या पलीकडून मारला तर २). ८० मिनिटं, झालं. कबड्डी बघणाऱ्याला हे पटकन कळतं असा माझा अनुभव आहे, अंगावर जाणं, पकड, परत उभं राहणं, फक्त दम धरण्याऐवजी टॅकल मोजायचे.

४. हाफबॅक म्हणजे काय? त्याच्या पाठीवर कधी ६ कधी ७ का?

सात नंबर हाफबॅक, सहा नंबर फाइव्ह-एट, दोघं मिळून टीम चालवतात. बाकीचे अकरा जण जिथे धडका देतात तिथे हे दोघं ठरवतात की धडक कुणी द्यायची, कुठे द्यायची, किक कधी. थर्स्टन दोन्ही जागी खेळला. क्वीन्सलँड या राज्याच्या टीमकडून (प्रश्न ११ बघा) तो आधी ७ होता, २०११ नंतर डॅरेन लॉकयर निवृत्त झाला, कूपर क्रॉंकला ७ मिळाला आणि हा ६ वर सरकला. नंबर बदलला तरी काम साधारण तेच, बॉल हातात आला की अर्धा सेकंद थांबायचं आणि समोरच्याला आधी ठरवायला लावायचं. टीव्हीवर ते आळशीपणासारखं दिसतं. स्टेडियममध्ये बसून बघितलं की कळतं की त्याच्या त्या थांबण्यामुळे चार बचावपटूंचे पाय जमिनीला चिकटलेत.

५. सुरुवात कशी झाली? एवढासा माणूस या राक्षसांच्या खेळात आला कसा?

ब्रिस्बेनच्या सनीबँक भागात वाढला, ज्युनिअर फुटबॉल (तिथे फुटबॉल म्हणजे रग्बी लीगच) तिथेच, शाळेचं शेवटचं शिक्षण टुवूंबाला. अंगाने किरकोळ, म्हणून घरच्या क्वीन्सलँडमध्ये कुणी हात पुढे केला नाही आणि संधी मिळाली ती थेट सिडनीत बुलडॉग्जकडे. २००२ला १९व्या वर्षी पहिली मॅच. आणि वर्ष बघा कुठलं! त्याच सिझनला बुलडॉग्ज सॅलरी कॅप मोडताना पकडले गेले, ३७ पॉइंट कापले आणि जवळपास पहिल्या नंबरवरची टीम एका झटक्यात तळाला. (सॅलरी कॅप म्हणजे काय ते प्रश्न १३ला.)

बहुतेक पोरांचा रस्ता असाच असतो: शाळा किंवा गावचा क्लब, मग एनआरएल क्लबची अंडर-एज टीम, मग राखीव ग्रेड, आणि कुणीतरी दुखावलं की एक दिवस वर बोलावणं. गुणवत्ता लागतेच पण वरच्या माणसाचा गुडघा कधी जातो यावरही बरंच अवलंबून असतं, हे कुणी उघड बोलत नाही एवढंच.

६. ती अंगठीची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. २००४ची ग्रँड फायनल, बुलडॉग्ज विरुद्ध सिडनी रूस्टर्स, बुलडॉग्ज १६-१३ जिंकले. कॅप्टन स्टीव्ह प्राइस दुखापतीमुळे ऐन फायनलला बाहेर, आणि त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेतून २१ वर्षांचा थर्स्टन बेंचवर आला. जिंकणाऱ्या प्रत्येक खेळाडूला प्रीमिअरशिपची अंगठी मिळते. थर्स्टनने आपली अंगठी प्राइसला देऊन टाकली. प्राइस त्या सिझननंतर न्यूझीलंडच्या वॉरिअर्सकडे चालला होता, म्हणजे त्या क्लबकडून त्याला परत संधी नव्हती.

लोक पुढे विचारतात, मग त्याच्या नावावर विजेतेपदं किती? दोन, २००४ आणि २०१५. अंगठी दिली म्हणून रेकॉर्डमधून विजेतेपद जात नाही.

७. काऊबॉइजकडे गेला तो पैशासाठी गेला का? टाऊन्सव्हिल म्हणजे अगदी खेडं ना?

खेडं नाही हो, पण लांब आहे. ब्रिस्बेनपासून उत्तरेला साधारण तेराशे किलोमीटर, आपलं पुणे-दिल्ली धरा. बुलडॉग्जकडे हाफच्या जागेसाठी गर्दी होती आणि काऊबॉइजला टीम चालवणारा माणूस हवा होता, त्यामुळे २००५ला सरळ रोजची जागा. पहिल्याच वर्षी त्याने डॅली एम मेडल (प्रश्न १४ बघा) मारलं आणि १९९५ला सुरू झालेल्या या क्लबला पहिल्यांदा ग्रँड फायनलला नेलं. तिथे वेस्ट्स टायगर्सकडून ३०-१६ हरले. त्यानंतर पुढच्या फायनलला दहा वर्षं लागली. या दहा वर्षांत तो मोठ्या शहरातल्या क्लबकडे गेला नाही, आणि मला विचाराल तर त्याच्याबद्दलचं निम्मं प्रेम यातूनच आलंय.

८. २०१५ च्या आधी काऊबॉइज 'लुटले गेले' असं सगळे म्हणतात, म्हणजे काय झालं होतं?

तीन वर्षं, तीन फायनल्स-सिरीज (म्हणजे सिझनच्या शेवटच्या बाद फेऱ्या), तिन्ही वेळा रेफ्रीच्या निर्णयावरून रामायण.

२०१२ला मॅनलीविरुद्ध, हवेतल्या बॉलला समोरच्याचा हात लागून तो पुढे गेलेला असताना ट्राय दिला गेला. २०१३ला क्रोनुलाविरुद्ध १८-२० हार, आणि क्रोनुलाचा एक ट्राय चक्क सातव्या टॅकलवर! सहा मोजता येत नाहीत का, असं अख्खं टाऊन्सव्हिल ओरडत होतं. (सहा का, तर प्रश्न ३.) २०१४ला रूस्टर्सविरुद्ध ०-३० ने मागे होते, तिथून ३०-३० केलं, मग रूस्टर्सने एक फील्ड गोल मारला, ३१-३०, आणि शेवटच्या मिनिटाला काऊबॉइजने केलेला ट्राय बॉल पुढे गेला म्हणून रद्द. हा तिसरा निर्णय माझ्या मते बरोबर होता. हे लिहिल्यावर मला काय मेसेज येणार ते माहितीये, पाठवा.

९. २०१५ची फायनल एवढी का गाजली? नुसता स्कोअर १७-१६ दिसतोय.

बसा, हे जरा सविस्तर सांगतो.

४ ऑक्टोबर २०१५, सिडनी, ८२,७५८ लोक. समोर ब्रिस्बेन ब्रॉन्कोज, म्हणजे ज्या शहरात थर्स्टन वाढला त्या शहराची टीम, आणि पहिल्यांदाच दोन्ही टीम क्वीन्सलँडच्या. सिझनची सुरुवात काऊबॉइजने सलग तीन हारांनी केली होती हे आधी लक्षात घ्या. फायनलमध्ये ब्रॉन्कोज १६-१२ ने पुढे, घड्याळ संपत आलेलं, काऊबॉइजची शेवटची धाव. थर्स्टन बॉल घेऊन नाचतो, उजवीकडे मायकल मॉर्गनला देतो, मॉर्गन तीन जणांना अंगावर घेतो आणि पडता पडता मनगटाने मागे फ्लिक करतो, काइल फेल्ट कोपऱ्यात ट्राय करतो आणि भोंगा. १६-१६.

आता कन्व्हर्जन. उजव्या कडेवरून, टचलाइनला चिकटून. ही गेली की मॅच संपली, आयुष्यभराचं काम झालं. थर्स्टन मागे जातो, पुढे येतो, मारतो, बॉल वळतो, वळतो... आणि खांबाला आपटतो. मी तेव्हा ब्रिस्बेनमध्ये भाड्याने राहायचो, घरमालकाच्या हॉलमध्ये बारा जण, सगळे ब्रॉन्कोजवाले आणि एकटा मी गप्प बसलेलो. त्या आवाजानंतर हॉलमध्ये जो जल्लोष झाला तो एखाद-दोन मिनिटंच टिकला.

कारण गोल्डन पॉइंट, जो आधी एक पॉइंट करेल तो जिंकला. काऊबॉइजने किक-ऑफ मारला, ब्रॉन्कोजचा बेन हंट खाली उभा, साधा कॅच, दिवसाला शंभर घेणारा माणूस, आणि सुटला. बॉल काऊबॉइजकडे, पोस्टच्या समोर. चार-पाच टॅकल, थर्स्टन मागे सरकून उभा, फील्ड गोल, संपलं. क्लबचं पहिलं विजेतेपद आणि सामनावीराचं क्लाइव्ह चर्चिल मेडल त्यालाच.

लोक तो फील्ड गोल परत परत बघतात, मी खांबाला लागल्यानंतरचे वीस सेकंद बघतो. तो तोंड वाकडं करतो, एक श्वास, आणि लगेच बोट दाखवून टीमला कुठे उभं राहायचं ते सांगायला लागतो.

१०. फायनलनंतरच्या फोटोत त्याच्या मुलीच्या हातात बाहुली होती, त्यावर एवढी चर्चा का?

मॅचनंतर तो लहान मुलीला घेऊन मैदानावर गवतात बसला आणि तिच्या हातात काळ्यासावळ्या रंगाची बाहुली होती. ऑस्ट्रेलियात आदिवासी घरातल्या मुलांना दुकानात वर्षानुवर्षं गोऱ्या, सोनेरी केसांच्याच बाहुल्या दिसल्यात, त्यामुळे हा फोटो देशभर फिरला. त्याने त्यावर भाषण-बिषण ठोकलं नाही, बाहुली होती, बस. आपल्याकडे 'मुलगी गोरी आहे' हे अजून कौतुकाने सांगतात, तेव्हा फोटो समजायला फार लांब जायला नको. आदिवासी मुलांचं शिक्षण आणि नोकरी यावर त्याने काम केलं आणि २०१७ला त्याला ऑस्ट्रेलियन ह्यूमन राइट्स मेडलही मिळालं.

११. स्टेट ऑफ ऑरिजिन काय आहे? आणि 'एका हाताची किक' म्हणतात ती कुठली?

दरवर्षी क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साऊथ वेल्स, तीन मॅच. १९८०ला सुरू झालं. त्याआधी ज्या राज्यात क्लब त्या राज्याकडून खेळावं लागायचं, सिडनीचे क्लब पैसेवाले, ते क्वीन्सलँडची पोरं उचलायचे आणि मग तीच पोरं क्वीन्सलँडला हरवायची. ऑरिजिनने म्हटलं, जिथला आहेस तिथून खेळ. थर्स्टन २००५ पासून सलग ३६ ऑरिजिन खेळला, एकही न चुकवता, आणि हा विक्रम आहे. क्वीन्सलँडने २००६ ते २०१३ सलग आठ सिरीज जिंकल्या, त्या आठही वर्षं तो होता.

सदतिसावी आणि शेवटची मॅच २१ जून २०१७, सिडनी. पहिली मॅच खांद्यामुळे हुकली होती, क्वीन्सलँड ती हरलं होतं, ही हरले की सिरीज गेली. हाफटाइमला ६-१६. मॅचमध्येच खांदा परत गेला, हात अंगाशी धरून फिरत होता, पण बाहेर गेला नाही. ७७व्या मिनिटाला डेन गगाईचा ट्राय, १६-१६, आणि कन्व्हर्जन कडेजवळून. किक पायाने मारतात, हाताचं काय, असं वाटत असेल तर उभं राहून एकदा हात बांधून पाय जोरात फिरवून बघा, तोल कुठे जातो ते कळेल. त्याने मारली, गेली, १८-१६. नंतर कळलं की त्याचा सिझनच संपलाय. तिसरी मॅच जिंकून क्वीन्सलँडने सिरीज घेतली तेव्हा तो साध्या कपड्यात होता.

माझ्यासाठी त्याच्या करिअरमधला सगळ्यात मोठा क्षण हा आहे, २०१५चा नाही.

१२. हेडगिअरमुळे डोकं वाचतं का? माझ्या मुलाला घेऊ का?

कान आणि कातडी वाचते, मेंदूचा कन्कशन त्याने थांबत नाही, कारण डोकं झटक्याने थांबलं तरी आतला मेंदू हलतोच. थर्स्टन ते सवयीने घालायचा आणि मॅच झाली की कुंपणाजवळच्या एखाद्या पोराला देऊन टाकायचा. किकसाठी बॉल ज्यावर ठेवतात तो टी आणून देणाऱ्या पोराशीही हात मिळवून थँक्यू म्हणायचा, दर वेळी.

डोक्याच्या दुखापतीचा विषय मात्र हलका घेऊ नका. काऊबॉइजचा २०१५चा कोच पॉल ग्रीन, स्वतः माजी हाफबॅक, २०२२ला गेला आणि नंतरच्या तपासणीत त्याच्या मेंदूत सीटीई हा वारंवारच्या आघातांशी जोडलेला आजार सापडला. २०२३ पासून एनआरएलमध्ये कन्कशन झालेल्या खेळाडूला किमान ११ दिवस बाहेर बसावं लागतं, काही सवलती सोडल्या तर. मुलाला खेळवायचं असेल तर हेडगिअरच्या आधी कोचला विचारा की टॅकल शिकवताना डोकं कुठल्या बाजूला ठेवायला शिकवतो.

१३. पैसे किती मिळतात? आणि सॅलरी कॅप म्हणजे काय?

टॉपचे खेळाडू वर्षाला दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर जातात, पण ते मूठभर. प्रत्येक क्लबने सगळ्या खेळाडूंवर मिळून खर्च करायच्या रकमेला मर्यादा असते, ती कॅप. एका स्टारला जास्त दिलं की बाकीच्यांचं कमी होतं, त्यामुळे थर्स्टनसारखा माणूस टिकवणं म्हणजे दरवर्षी कुणाला तरी सोडणं. चोरून जास्त दिलं तर काय होतं? बुलडॉग्जचं प्रश्न ५ला आलंच, आणि २०१०ला मेलबर्न स्टॉर्मकडून २००७ आणि २००९ची विजेतेपदं काढून घेतली, ती दोन वर्षं आजही रेकॉर्डमध्ये रिकामी आहेत.

१४. डॅली एम, गोल्डन बूट, इमॉर्टल... थर्स्टनकडे काय काय आहे?

डॅली एम म्हणजे सिझनचा सर्वोत्तम खेळाडू, त्याला चार वेळा, २००५, २००७, २०१४, २०१५, आणि चारपर्यंत पोचणारा तो पहिला. गोल्डन बूट म्हणजे जगातला सर्वोत्तम, तीनदा, २०११, २०१३, २०१५. २०१३ला वर्ल्ड कपही, ओल्ड ट्रॅफर्डवर न्यूझीलंडला ३४-२ ने हरवलं आणि सामनावीर तोच. (२००८ची फायनल मात्र ब्रिस्बेनला, घरच्या मैदानावर, त्याच न्यूझीलंडकडून हरले होते.)

तो हॉल ऑफ फेममध्ये आहे, इमॉर्टल नाही. इमॉर्टल ही सर्वात वरची पायरी, १९८१ला एका मासिकाने पोर्ट वाइनच्या जाहिरातीसाठी चार नावं काढली तिथून सुरू झालेली, आणि आज लोक त्यावर देवळाच्या ट्रस्टपेक्षा जास्त भांडतात.

१५. ३२३ मॅच म्हणतात, कुठे ३९८ दिसतं, खरं काय?

दोन्ही. एनआरएलमध्ये ३२३, त्यातल्या २९ बुलडॉग्जकडून आणि २९४ काऊबॉइजकडून, फायनल्स धरून. वर ३७ ऑरिजिन आणि ऑस्ट्रेलियाकडून ३८ टेस्ट मिळवल्या की ३९८. २,२२२ पॉइंट हा आकडा फक्त एनआरएलचा आहे, त्यात ऑरिजिन आणि टेस्टचे मिसळू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पोस्टमध्ये नेमकं तेच केलेलं असतं.

१६. आज २०१५सारखी फायनल बरोबरीत सुटली तर परत गोल्डन पॉइंट का?

लगेच नाही. २०१६ पासून फायनल्समध्ये आधी पाच-पाच मिनिटांचे दोन पूर्ण भाग खेळवतात, त्यानंतरही बरोबरी असेल तरच गोल्डन पॉइंट. म्हणजे आजच्या नियमाने थर्स्टनच्या फील्ड गोलनंतर हंटला चूक भरून काढायला वेळ मिळाला असता. साध्या साखळी मॅचला हे लागू नाही, तिथे आधी जो पॉइंट करेल तो जिंकला, आणि कुणीच नाही केला तर मॅच ड्रॉ.

१७. ग्रेग इंग्लिस न्यू साऊथ वेल्सचा असून क्वीन्सलँडकडून कसा खेळला? मग 'जिथला आहेस तिथून' चं काय झालं?

दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. तेव्हाचा नियम होता की मोठ्यांचं फुटबॉल पहिल्यांदा कुठे खेळलास ते बघायचं, जन्म कुठला ते नाही. इंग्लिस उत्तर न्यू साऊथ वेल्समधला, पण त्या नियमाच्या हिशोबात क्वीन्सलँडचा धरला गेला आणि पुढची दहाएक वर्षं त्याने आपल्याच गाववाल्यांना तुडवलं. नंतर नियम घट्ट केले. थर्स्टनच्या बाबतीत हा प्रश्नच नव्हता, सिडनीत एनआरएल सुरू केलं तरी जन्म, शाळा, ज्युनिअर फुटबॉल सगळं क्वीन्सलँड.

१८. निवृत्तीनंतर काय करतो? आणि मी पहिली कुठली मॅच बघू?

शेवटची मॅच २०१८ला गोल्ड कोस्टवर. त्या वर्षी काऊबॉइज तळाच्या बाजूला होते, स्वप्नवत निरोप वगैरे काही नाही. आता टीव्हीवर कॉमेंट्री करतो, क्वीन्सलँडच्या कोचिंग स्टाफमध्येही काम केलंय आणि तरुणांना नोकरीसाठी तयार करणारी जेटी अकॅडमी आहे.

मॅच: आधी २०१५ फायनलची शेवटची दहा मिनिटं, मग २०१७च्या दुसऱ्या ऑरिजिनचा अख्खा दुसरा हाफ. स्कोअर आधी बघू नका असं सांगणार होतो, पण सगळं मीच वर लिहून बसलोय.